थांबून थांबून थकलेला झुला

मी एक जुना, जाळीचा झुला आहे, मित्रांनो. झुले विणणाऱ्यांच्या तिश्कोकोब गावात, अ‍ॅडीच्या घरी, समोरासमोरच्या भिंतींच्या आकड्यांना लटकलेला. रंग विटला, तीन ठिकाणी गाठी बसल्या. आता फार थकवा येतो.

रुबी पोटात असताना अ‍ॅडीनेच मला विणलं. आमच्याकडे मूल झुल्यातच झोपतं, झुल्यातच वाढतं. रुबी तीन वर्षांची झाली, तरी बोलेना, हाकेला वळेना. ती स्वमग्न आहे, असं मेरिदा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग तिला खेळता खेळता शिकवायला ग्रेताबाई येऊ लागल्या. त्यांनी घरभर पाहिलं आणि बोट ठेवलं ते माझ्यावर!

"हिला सगळ्यात जास्त हाच आवडतो ना? मग एक झोका द्यायचा, थांबायचं, वाट बघायची. तिनं मागितलं की लगेच दुसरा. नुसतं बघितलं तरी ते मागणंच."

पण आजोबा, सगळे मानानं 'डॉन' म्हणत ते डॉन एलिहिओ! खुर्चीत बसून कणसं सोलणार आणि पायाच्या अंगठ्यानं मला झोके देत राहणार. रुबीला मागायची वेळच येईना.

"बाबा, पाय!" अ‍ॅडी ओरडे.

"मी काय केलं? तो आपला आपण जातो."

"मग बांधून ठेवू का?"

"ठेव बाई. म्हातारा आणि बकरा, एका दाव्याला!"

शेवटी ते खुर्चीच्या दांडीत पाय अडकवून बसू लागले. एक झोका, थांब. एक झोका, थांब. महिने गेले. रुबी माझ्या जाळीत बोटं घालून छताकडे बघे. अ‍ॅडी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसे. हलणं सोपं, मित्रांनो, थांबणं जड. वाट बघणं त्याहून जड.

एका दुपारी, ग्रेताबाई आलेल्या असताना, रुबीनं मान वळवली. आजोबांच्या डोळ्यांत थेट बघितलं. ओठ हलले.

"अजू…"

आजोबांच्या हातातलं कणीस पडलं. "ऐकलंस, अ‍ॅडी? 'अजून' म्हणाली पोरगी!" आणि ते रडायलाच लागले.

"डॉन एलिहिओ, नंतर रडा!" ग्रेताबाई ओरडल्या. "आधी झोका! तिनं मागितलाय!"

अडकलेला पाय ओढताना खुर्चीच उलटली. पण पडता पडता म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी मला ढकललं.

आता रुबी दिवसभर मागते, आणि माझा एकेक धागा सुटत चालला आहे. मला खुशाल बदला. पण मित्रांनो, तुमच्या आसपासही उशिरा बोलणारं एखादं मूल असेल. त्याचा शब्द अर्धा असेल, कधी नुसती नजर असेल. त्याची वाट बघा. आणि त्यानं मागितलं, की त्याला मात्र वाट बघायला लावू नका.