वाक्यात उपयोग

धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दिग्विजय आणि उत्तरेश्वर कित्येक वर्षं शेजारी बसत. इंग्रजी सुधारल्याशिवाय बढती विसरा, असं साहेबांनी दोघांनाही तोंडावर सुनावलं होतं. मग काय, उत्तरेश्वर पेपरातून एखादा जडजंबाल शब्द शोधून काढायचा, दिग्विजय अर्थ सांगायचा आणि लगेच उत्तरेश्वर शाळामास्तरांच्या थाटात फर्मावायचा, "आता वाक्यात उपयोग कर."

शब्द दिग्विजयला फळले. तो मॅनेजर झाला. उत्तरेश्वर होता तिथेच राहिला, पण सकाळची परीक्षा घेणं काही त्यानं सोडलं नाही.

पुढे मंदी आली आणि कंपनीनं माणसं घरी बसवायला घेतली. ते तोंडानं सांगायचं कुणी? तर वरून निरोप आला, "दिग्विजयची भाषा चांगली आहे, त्यालाच सांगू दे."

सकाळपासून तो एकेकाला काचेच्या खोलीत बोलावून सांगत होता. पहिल्याला सांगताना तो दोनदा अडखळला. नंतर तेही होईना. दुपारी तो डबा पोटभर जेवला.

चहाच्या वेळेला उत्तरेश्वर समोर येऊन बसला. टेबलाकडे बघत दिग्विजय एवढंच म्हणाला, "रिडंडंट."

"म्हणजे गरज न उरलेला," उत्तरेश्वर म्हणाला. "अर्थ येतो मला. वाक्यात उपयोग कर."

दिग्विजयनं मान वर केली. उत्तरेश्वरचं पूर्ण नाव घेऊन, कुठेही न अडखळता, त्यानं इंग्रजीत वाक्य केलं.

"बरोबर," उत्तरेश्वर सवयीनं म्हणाला.