डाव्या कानाची कणीक

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, वायरवाला. डोक्यावरून जाणारी कमान, दोन कानांवर दोन गाद्या आणि खाली लोंबणारी लांब काळी वायर, असा माझा अवतार. माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून नावं ठेवायला नको. मी मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. हेडफोनला पोट कुठून आलं, असं विचारू नका. दुखतं ते दुखतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती मेहकरच्या बसस्टँडजवळ, अविनाशच्या मोबाइलच्या दुकानात. तिथं मी भिंतीवर टांगलेला होतो. माझ्या शेजारी लाल दिवे लुकलुकणारा एक जाडजूड हेडफोन होता. येणारं गिऱ्हाईक आधी त्यालाच हात लावायचं. माझं जळणं तेव्हापासूनचं.

एक दिवस पुंजाजी आणि त्यांची मुलगी प्रेरणा दुकानात आले. हिवरा आश्रमच्या अलीकडं एका गावात त्यांचा वांगी-टमाट्यांचा मळा. पुंजाजी गावच्या भजनात पखवाज वाजवायचे आणि प्रेरणा त्यांच्याकडून शिकत होती. कॉलेजसाठी ती रोज एसटीनं मेहकरला यायची. जाता-येता बापाचं वाजवणं ऐकता यावं म्हणून तिला हेडफोन हवा होता. खिशाला परवडणारा, पण आवाजाला खरा.

अविनाशनं अर्थातच लाल दिवेवाला पुढं केला. "हा घ्या काका. बेस असा हाय का छाती हालते!"

"छाती नाही हालवायची बाप्पा, पखवाज आयकायचा हाय," पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी फोनवर आपल्याच भजनाचं रेकॉर्डिंग लावलं.

मित्रांनो, पखवाजाच्या डाव्या बाजूला धूम म्हणतात. वाजवायच्या आधी तिच्यावर ओली कणीक थापतात, तेव्हा कुठं तिच्यातून खोल, भरदार आवाज निघतो. पुंजाजींची परीक्षा साधी होती. धूम भरून यावी, पण तिच्याखाली टाळ दडपू नयेत. लाल दिवेवाल्यात नुसताच दणदणाट झाला आणि टाळ बेपत्ता. दुसऱ्या एका बारक्या हेडफोनात टाळ किणकिणले, पण धूम पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. मग माझी पाळी आली. पुंजाजींनी डोळे मिटले आणि काउंटरवर बोटांनी ठेका धरला.

"हा बोलते," शेवटी ते म्हणाले. "कणीक कमी लागली का जास्त, तेबी समजते याच्यात. हाच दे."

तेव्हा मी लाल दिवेवाल्याकडं जे पाहून घेतलं, त्याचं सुख मला अजून पुरतंय.

पुढची दोन-तीन वर्षं माझी होती. एसटीच्या खिडकीशी प्रेरणा, तिच्या डोक्यावर मी, आणि मांडीवरच्या दप्तरावर तिची बोटं चाललेली. पुंजाजींनी तिला एक नेम घालून दिला होता, "आवाज एवढाच ठेवायचा का कंडक्टरनं तिकीट मांगतलं तं आयकू आलं पाह्यजे." तिनं तो मोडला नाही. घरी आली की ती बापासमोर बसून वाजवायची आणि पुंजाजी तिला एक चूक माफ करायचे नाहीत. "हात जड पडला." "बोल खाल्ला." "पुन्हा." मनकर्णाबाई, म्हणजे प्रेरणाची आई, चुलीजवळून ओरडायची, "अवो, जेवू तं द्या लेकराले!" मी दप्तरात पडून हे सगळं ऐकायचो आणि वाटायचं, या घरात आपल्यावाचून पान हलत नाही.

मग दिवाळीला प्रेरणाचा भाऊ दीपक पुण्याहून आला आणि बहिणीसाठी कानात घालायचे, वायर नसलेले दोन दाणे घेऊन आला. पांढरे, गुळगुळीत, शेंगदाण्याएवढे. डबीतच झोपायचं आणि डबीतच पोट भरायचं, असे लाडावलेले. सगळी गल्ली पाहायला लोटली. शेजारच्या गीताबाईनं तर हात लावायच्या आधी पदराला हात पुसले. मला कधी कोणी हात पुसून उचललं होतं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझी रवानगी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्यावर झाली. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणतात, म्हणून मी धीर धरून लोंबत राहिलो. नऊ दिवस गेले, संक्रांत गेली, होळी गेली. माझ्या गाद्यांची साल निघायला लागली, वायरीवर फोडणीचा धूर बसला. आणि ते दाणे रोज सकाळी प्रेरणाच्या कानात बसून मेहकरला निघायचे. मी देवाला काय काय मागितलं ते ऐका. त्यातला एक एसटीत सीटखाली घरंगळू दे. एखादा शेळीनं खाऊ दे. निदान त्यांचा आवाज तरी बसू दे.

त्याच दिवसांत पुंजाजींनी प्रेरणाला टोकणं सोडलं. ती वाजवायची, ते मान हलवायचे आणि उठून मळ्यात जायचे. प्रेरणाला वाटलं, आपण शिकलो. मला वाटलं, तिला शिकवल्याचं श्रेयही त्या दाण्यांनी पटकावलं.

एका सकाळी प्रेरणा न्हाणीत असताना पुंजाजींनी तिची डबी उघडली आणि दाणे कानात घालून आपलं भजन लावलं. जरा वेळानं त्यांनी डावा दाणा काढला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा घातला.

"धूम बसली याची," ते स्वतःशीच म्हणाले.

माझा जीव हरखला. देवानं ऐकलं म्हणायचं! मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मनकर्णाबाईच्या परातीतली चिमूटभर कणीक घेतली, तिला पाण्याचा हात लावला आणि डाव्या दाण्याच्या जाळीवर अंगठ्यानं बेतानं थापली. जन्मभर ज्या हातानं धूम जागी केली, तो हात दुसरं काय करणार? मला मात्र खिळ्यावर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

संध्याकाळी प्रेरणा रडवेली होऊन घरी आली. "आई, डावा बंदच पडला. कायतरी पांढरं वाळून बसलं जाळीत. दादाले काय सांगू मी?"

मनकर्णाबाईनं दाणा हातात घेतला, नखानं खरवडला आणि सरळ नवऱ्याकडं पाहिलं. "सकाळी माह्या परातीत बोटं कोनाची होती?"

पुंजाजी खाली बघत म्हणाले, "धूम बसेल होती त्याची. म्हनून थोडी लावली."

"बाबा, मले तं चांगली आयकू येत होती!"

"तुले काय समजते? हा घे, मी निवडेल हाय तो." आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

मित्रांनो, किती महिन्यांनी माणसाचे कान लागले मला! मी छाती फुगवली. सगळा जीव ओतून ती धूम वाजवली, टाळ वेगळे, धूम वेगळी, अगदी दुकानातल्यासारखी. पुंजाजींनी डोळे मिटले. मग उघडले.

"याचीबी बसली. डावी बाजू गेली. जुना झाला हा, कामातून गेला."

मी कामातून गेलो? मी? लाल दिवेवाल्याला ज्यानं पाणी पाजलं तो? प्रेरणानं मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि ऐकलं. तिचा चेहरा बदलला. तिनं मला उलटं केलं आणि बापाच्या डोक्यावर घातलं. माझी डावी गादी त्यांच्या उजव्या कानावर गेली आणि उजवी गादी डाव्यावर.

"आता, बाबा?"

"आता..." पुंजाजी थांबले. "उजवीकडं चांगली हाय. डावीकडं बसेलच हाय."

मी पालटलो होतो, पण बसलेली बाजू पालटली नव्हती. माझ्यात खोट नव्हती आणि त्या दाण्यांतही नव्हती. मी ज्याच्यासाठी देवाला हात जोडले, तो आवाज भलत्याच ठिकाणी बसला होता. ज्या कानानं मला एवढ्या जणांतून निवडलं, त्या कानात. मला फार वाईट वाटलं.

"आपला टाळवाला गोविंदा म्हने भजनात," पुंजाजी हळूच बोलले, "का बुवा, आजकाल धूम लई ठोकता. मी त्याच्यावरच चिडलो." मग प्रेरणाचा हात धरून म्हणाले, "गावात नको सांगू बाई. बहिऱ्याच्या हाती पखवाज कोन देईन?"

"नाही सांगत. पन बुलडाण्याले कानाच्या डॉक्टरकडं चला."

तपासणी झाली. उजवा कान ठीक होता, डाव्याला ऐकायची मशीन लागणार होती. मशीनच्या दुकानात पुंजाजींनी पुन्हा तेच केलं, आपलंच भजन लावून एकेक मशीन पारखली. दाखवणारी मुलगी म्हणाली, "काका, बोलणं ऐकून बघा ना." तर म्हणाले, "बोलनं काय, कोनीबी आयकते." शेवटी चिंचोक्याएवढी एक पसंत पडली. कानामागं बसणारी. मी हे प्रेरणाच्या पिशवीत बसून ऐकत होतो आणि खरं सांगतो, पुन्हा जळलो. ती आता दिवसभर त्यांच्या अंगावर राहणार, मळ्यात, भजनात, पंगतीत. आणि मी?

पण झालं असं की, डावा दाणा अविनाशनं साफ करून दिला आणि ते दोघं प्रेरणाकडंच राहिले. दाणे मशीनवाल्या कानात बसत नाहीत. माझी मोठी गादी मात्र मशीनला वरून अलगद झाकते. पहिल्यांदा मशीनमधून शिट्टी वाजली, मग पुंजाजींनी मला जरा पुढं सरकवलं आणि आवाज कमी केला. त्या शेंगदाण्यांनी हे करून दाखवावं!

त्या दिवशी ओसरीवर त्यांनी माझ्यातून प्रेरणाचं वाजवणं ऐकायला घेतलं, मागच्या एकादशीच्या भजनातलं. अर्ध्यातच त्यांचा हात वर गेला.

"प्रेरणा! डावा हात मांगं राहून राह्यला तुहा. कवापासून चालू हाय हे?"

प्रेरणा भाजी निवडत होती. ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"लई दिवसापासून, बाबा. तुमी बोललेच नाही."

"पखवाज आन," पुंजाजी म्हणाले. भाजी तशीच राहिली.

मित्रांनो, जळण्याची माझी खोड काही गेलेली नाही, जाणारही नाही. तुम्ही माझ्यासारख्यांची वायर ओढू नका, सालपटलेल्या गाद्या बदला, आणि आवाज बेताचा ठेवा. पण ते राहिलं तरी चालेल. घरात नेहमी टोकणारं माणूस गप्प गप्प झालं, तर आपण शहाणे झालो असं समजू नका. त्याच्या जवळ बसा आणि नीट ऐकू येतं का, एवढं विचारा.