कमलाकर सरांचं वेअर

कमलाकर सरांनी बोरी अरबच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म घातला, आणि त्यातला अर्धा 'वॉज' आणि 'वेअर' यांच्या भांडणात गेला. 'मी पक्षी असतो तर' असं म्हणायचं, तर 'इफ आय वेअर अ बर्ड'. जो 'वॉज' म्हणेल तो तास संपेपर्यंत बाकावर उभा! कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असे, पण आलेल्यांचं 'वेअर' पक्कं झाल्याशिवाय सर घंटेलाही जुमानत नसत. निवृत्त होऊन दारव्ह्याला घर बांधलं तरी खोड गेली नाही. पंगतीत कुणी चुकीचं इंग्रजी फाडलं, की सरांचा घास हातातच थांबायचा. शेजारी बसलेल्या शीलाताई, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारायच्या. "अहो, जेवा ना! त्याच्या चुकीनं मठ्ठा नासणार नाही."

अशा माणसाची वाचा गेली. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी सरांचं उजवं अंग लुळं पडलं आणि जीभही त्याच्याबरोबर गेली. हात थोडाफार हलू लागला, शब्द मात्र आला नाही. पाणी हवं असलं तरी नुसतं तांब्याकडे बघायचे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, बोलण्याची आशा कमीच, आणि यांना कितपत समजतं तेही सांगता येत नाही.

हे दुसरं वाक्य शीलाताईंच्या काळजाला लागलं. कारण मुलगा साकेत त्याच वाक्यावर पुढचा सगळा बेत उभारून बसला. पुण्याला त्याच्या घराजवळ रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र होतं. बाबा तिथे राहतील, आई फ्लॅटवर राहील, रोज जाऊन भेटायचं. मुलगा काही वाईट नव्हता. आईची कंबर वाकताना त्याला बघवत नव्हती. "बाबांना आता कुठेही ठेवलं तरी सारखंच गं," तो फोनवर म्हणाला. शीलाताई नवऱ्याला रोज विचारायच्या, "पुण्याला जायचं का हो?" सर भिंतीकडे बघायचे. येत्या रविवारी साकेत गाडी घेऊन येणार होता.

शुक्रवारी मारोतराव आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेला. शेतावरून येताना तुरीच्या शेंगांची पिशवी आणायची, सरांपुढे बसायचं आणि गावच्या गप्पा एकट्यानंच हाणायच्या, असा त्याचा नेम होता. त्या दिवशी गप्पा संपल्या.

"सर, आज मीच पाठ म्हनतो, आयका," तो म्हणाला आणि शाळेतल्यासारखा हाताची घडी घालून उभा राहिला. "इफ आय वॉज अ बर्ड..."

"वेअर!"

मारोतरावनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. शीलाताईंच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. खुर्चीत बसलेल्या सरांच्या भुवया पूर्वीसारख्या चढलेल्या होत्या.

"काकू, सर बोलले! बापा बापा, मले रागावले!" मारोतराव रडत रडत हसायला लागला. ज्या चुकीसाठी तो शाळेत बाकावर उभा राहिला, तिनंच आज सरांना बोलतं केलं होतं.

शीलाताई नवऱ्याच्या पायाशी बसल्या. "अहो, माझ्याशी बोला ना. पाणी म्हणा. शीला म्हणा." सर त्यांच्याकडे बघत राहिले, ओठ हलले, पण काही निघालं नाही. किती तोंडाजवळ आलेलं असेल ते, आणि किती लांब! शीलाताईंना भडभडून आलं.

"काकू, असं विचारून नाई होत," मारोतराव डोळे पुसत म्हणाला. "सर वर्गात अर्धंच वाक्य बोलत अन् बोट वर करत. बाकीचं आमी सारे मिळून म्हनत होतो. तुमी अर्धं म्हना, बोट वर करा." मग त्यानं 'वेअर' कायले लावतात तेही समजावलं. "जे खरं नाई, निस्तं मनात हाय, त्याले वेअर."

शीलाताईंनी कधी इंग्रजीच्या वाटेला जायचं नाही असं ठरवून संसार केला होता. आता मारोतरावनं पढवलेलं अर्धं वाक्य म्हणत त्यांनी बोट वर केलं. "इफ आय वेअर अ किंग..."

"आय वुड हेल्प द पुअर," सर म्हणाले. सगळं वाक्य, अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत! विहीर आटली म्हणून सगळ्यांनी दोर गुंडाळून ठेवला होता आणि आत पाणी होतं.

रविवारी साकेत आला. शीलाताईंनी त्याला पाणीही दिलं नाही, आधी बोट वर केलं. पक्षी झाला, राजा झाला, श्रीमंत माणूस झाला. साकेतचे डोळे भरले, पण तो मान हलवत म्हणाला, "आई, हे पाठांतर आहे गं. इतकी वर्षं घोकलेलं बाहेर येतंय. याचा अर्थ त्यांना समजतं असा होत नाही." त्यानं बाबांचे कपडे बॅगेत भरायला घेतले.

मुलाचं बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच शीलाताईंचं धाबं दणाणलं. जे कुठल्याच पाठात नव्हतं असं काहीतरी त्यांना विचारायला हवं होतं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. आयुष्यातलं त्यांचं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य, आणि तेही अर्धंच.

"इफ आय वेअर इन... पुणे..."

बोट वर राहिलं. साकेत बॅगेची चेन लावायचा थांबला. सरांनी भिंतीवरून नजर काढली, मुलाकडे नेली, मग बायकोच्या बोटावर आणली. कपाळावर घाम आला.

"आय वुड..." शब्द अडला. शीलाताईंनी बोट हलू दिलं नाही. "आय वुड आस्क... एव्हरीबडी..." सरांनी दम घेतला. "व्हेअर इज शीला."

साकेतनं मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण आईकडे बघून मिटलं. तिला समजलं होतं. मी पुण्यात असतो, तर ज्याला त्याला विचारलं असतं, शीला कुठे आहे. ज्याला पाणी मागता येत नव्हतं, तो माणूस मनातल्या मनात पुण्यात जाऊन आला होता, तिथल्या अनोळखी दारांतून फिरला होता, आणि आपण तिथे एकटे असू हे ओळखून परत आला होता. माणसाच्या आत एवढी जागा असते! नवऱ्याचा चेहरा जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखं शीलाताईंना वाटलं, आणि त्या हात जोडून बसल्या.

साकेतनं बाबांचा हात धरला. "तुम्हाला विचारायचंच राहिलं, बाबा," तो म्हणाला. मग अंगणात जाऊन त्यानं पुण्याच्या केंद्राला फोन लावला. त्यानं सांगितलं, "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. आमचे बाबा घरी आहेत."