बटण आणि तीनशे पायऱ्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक दगडी मनोरा डोळ्यांसमोर आणा. अजून उंच. हां, वर बघताना मान दुखायला लागली ना, तेवढा. त्याच्या पायथ्याशी लोखंडी फाटक आहे, आणि फाटकाच्या दोन गल्ल्या अलीकडे नऊ वर्षांची एक मुलगी आपल्या आत्याला चिखलात रुतलेल्या गाडीसारखी ओढते आहे. दिसली? तिला घरी सगळे भिंगरी म्हणत.

आत्या कपडे शिवायची. शिलाई मशीनच्या दुकानातल्या सोडतीत तिला दोघांसाठी परदेशाची सहल लागली. आतोबा म्हणाले, "मला माझा पलंग पुरे." म्हणून भिंगरीची वर्णी लागली. तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी मनोऱ्यावर चढून अख्खं शहर बघणार.

पण पाच दिवस झाले तरी मनोरा काही घडेना. आत्याला रस्त्याने सरळ चालताच येत नसे. पहिल्या दिवशी तिने हॉटेलचा पडदा उलटा करून त्याची दुमड तपासली. दुसऱ्या दिवशी बसच्या सीटखाली डोकं घालून खोळ बघितली, आणि उतरायचा थांबा मागे गेला. तिसऱ्या दिवशी ती एका अनोळखी बाईच्या कोटामागे तीन चौक चालत गेली. "कॉलर बघ कशी बसलीय," ती म्हणत होती. "जणू मानेवरच उगवलीय."

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी विमान होतं आणि मनोरा बाराला बंद होणार होता.

"आत्या, वाटेत काही बघायचं नाही."

"नाही गं बाई. डोळे मिटून चालते."

आणि ती खरंच मिटून चालली. खांबावर आपटली, म्हणून थोडा उशीर झाला.

फाटकाशी पोचल्या तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. पहारेकऱ्याने घड्याळावर बोट ठेवलं आणि मान हलवली. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आत्याची नजर मात्र त्याच्या कोटावर खिळली होती.

"अहो, ते बटण एका धाग्यावर लोंबतंय. बसा इथे."

आत्या परदेशातही मराठीतच बोलायची, फक्त जरा मोठ्याने. पहारेकरी त्याच्या भाषेत तितक्याच मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि बाकावर बसला. आत्यापुढे भलेभले बसत.

"आत्या, मनोरा," भिंगरी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"झालंच. चार टाके." आत्याने स्वेटरला टोचलेली सुई काढली, दोरा दुहेरी ओवला, बटण घट्ट बसवलं, सात गाठी मारल्या आणि दोरा दाताने तोडला. तेवढ्यात बाराचे टोले पडले.

पहारेकऱ्याने खूश होऊन सलाम ठोकला आणि आत वळला. वर कोणी राहिलं नाही ना, हे बघायला त्याला चढावंच लागे. तो चालू लागला. त्याच्यामागे आत्याचा पदर चालू लागला. पदरामागे आत्या, आणि आत्याचा हात धरलेली भिंगरी.

आत्याने खाली पाहिलं. "अगंबाई. मी पदरासकट शिवलं की."

पहारेकऱ्याने बटण ओढून पाहिलं. हललं नाही.

"हलेल कसं?" आत्या जरा ताठ झाली. "बावीस वर्षांत माझं एक बटण तुटलेलं नाही. कात्री तर विमानतळावर काढून घेतली. थांबा, दाताने उसवते."

"आत्या, उसवू नकोस," भिंगरी पटकन म्हणाली. "आधी वर जाऊ."

पहारेकऱ्याने घड्याळ बघितलं, पदर बघितला, भिंगरीचा चेहरा बघितला, आणि खो खो हसत पहिली पायरी चढला. तीनशे पायऱ्या ते तिघे वरातीसारखे चढले. तो थांबला की आत्या त्याच्या पाठीवर आदळे, आणि आत्या दमली की तो मागे खेचला जाई.

वर वारा होता. एक मोठी दुर्बीण दूरच्या राजवाड्याकडे रोखलेली होती. भिंगरीने राजवाडा पाहिला. मग दुर्बीण हळूच खाली वळवली, गच्च्यांवर. तिथे दोरीवर एक निळी चादर फडफडत होती, आणि तिच्या मधोमध पिवळं ठिगळ होतं, चक्क माशाच्या आकाराचं. चादर हलली की मासा पोहत होता.

"आत्या, लवकर ये."

आत्या आली, अर्थात पहारेकऱ्यासकट. तिघांनी आळीपाळीने मासा बघितला. राजवाड्याचं कोणी नाव काढलं नाही.

खाली आल्यावर पहारेकऱ्याने चौकीतून चाकू आणला, दोरा कापला, आणि आत्याने ते बटण पुन्हा शिवलं, या वेळी पदर कमरेला खोचून. तो उठून निघाला, तर भिंगरी त्याच्या वाटेत उभी. ती मान वर करून त्याच्या टोपीच्या काठाकडे टक लावून बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "इथे दोन टाके सुटलेत." आणि तिने सुईसाठी हात पुढे केला.