बिघडवायचं कापड

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी थोरली शिवणाच्या दुकानात डोकावली, तेव्हा धाकटीने कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला जोडून ठेवली होती.

"बिघडवलंस?" आईने चष्म्यावरून पाहिलं. "बिघडव, बिघडव. कापडाच्या बापाचं काय जातंय!" दोघी खो-खो हसल्या.

थोरली दारातच थबकली. खरं तर ती एकुलती एक. पण शिकायला आलेल्या, तिला मावशी म्हणणाऱ्या पोरीला आई कौतुकाने 'धाकटी' म्हणू लागली आणि पोटची मुलगी बसल्या जागी थोरली झाली. लहानपणी तिने कात्रीला नुसतं बोट लावलं तरी आई ओरडायची, "ठेव ती! बिघडेल. तू आपली पुस्तकं वाच." तिने वाचली. कपाटंच्या कपाटं वाचून काढली.

"चहा टाकू?" आईने विचारलं.

"घाई आहे," ती म्हणाली. घाई कसलीच नव्हती.

आणि आज, आई गेल्यावर काही महिन्यांनी, त्याच धाकटीने वस्तीतल्या सेवासंस्थेपुढे प्रस्ताव मांडला होता: शाळा सुटलेल्या मुलामुलींना शिवणकाम आणि स्वतःचा धंदा काढायला शिकवायचं, आईच्या बंद पडलेल्या दुकानात. दुकान आता थोरलीचं, म्हणून तिलाही बोलावलं होतं. धाकटीच्या गळ्यात आईची मापाची टेप होती. थोरलीची नजर तिथून हलेना. हिला कुणी दिली ती?

अध्यक्षांनी कागदावर बोट ठेवलं. "हे 'बिघडवायचं कापड' काय आहे? नुकसानीची तरतूद आधीच?"

"हो काका. बिघडवायची भीती गेल्याशिवाय धंदा कसा करणार? मावशींनी मला तसंच शिकवलं."

"ओरडली नाही कधी?" थोरलीने मधेच विचारलं.

"नाही हो ताई." धाकटी जरा अडखळली. "म्हणायच्या, माझ्या पोरीच्या हातातली कात्री मी काढून घेत राहिले. ती चूक परत नको."

चूक झाली, हे आईला कळलं होतं. आणि तेसुद्धा तिने हिलाच सांगितलं.

"मग ताई, दुकानाचं काय करू या?" अध्यक्षांनी विचारलं. "तुम्ही नाही म्हणालात तर सगळंच बारगळलं."

'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. तेवढा एक शब्द, की ही परत त्या मशीनवर बसणार नव्हती. पण दुसरंही कुणी बसणार नव्हतं. कुणीच आता तिथे काही बिघडवणार नव्हतं.

"दुकान घ्या," ती म्हणाली. "टेप मात्र मला हवी."

धाकटीने टेप काढून दिली. "घ्या ना. पण ताई, तुम्हाला कशाला? तुम्हाला तर शिवणाचा कंटाळा. मावशीच म्हणायच्या."

थोरलीने टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"कंटाळा नव्हता," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "मलाही शिकायचं होतं गं, आई. मलाही बिघडवायचं होतं."