उद्घोषकाची खोली

अण्णांचा आवाज गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आवाज गेला म्हणजे घसा बसला असं नव्हे. एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं आणि त्याच्यासोबत शब्दही गेले. हयातभर ज्या माणसाने बसस्थानकाच्या कर्ण्यावरून गाड्या सोडल्या, ज्याच्या एका वाक्यासरशी माणसं पोरंबाळं आणि पिशव्या सावरत धावायची, त्याला आता काही हवं असलं तर डाव्या हाताने पलंगाची दांडी ठोकावी लागे.

घरी तरी हा माणूस काय कमी बोलायचा! चहाला जरा उशीर झाला की आतल्या खोलीतून घोषणा व्हायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहाची गाडी आज अनिश्चित काळ उशिराने धावत आहे." आणि त्यांची बायको, माई, स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे हो! शेजारीपाजारी ऐकतात." आता शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं घरात काही उरलं नव्हतं. सकाळी देवापुढे बसली की माई डोळे मिटून एवढंच म्हणे, की देवा, फार मागत नाही. ह्यांच्या तोंडचं एक वाक्य ऐकव. रागाचं असलं तरी चालेल.

धाकटी लेक छकुली विद्यापीठात कला विभागात शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं तिथल्या दालनात प्रदर्शन भरतं आणि त्यावर पदवी ठरते. एक दिवस जेवता जेवता तिने विचारलं, "माई, अण्णांची खोली नेऊ?"

"नेऊ म्हणजे?"

"प्रदर्शनात. पलंग, खुर्ची, कपाट, सगळं. ते आता बाहेरच्या खोलीत असतात, दवाखान्यातल्यासारख्या पलंगावर. आतलं सामान नुसतं धूळ खातंय."

"अगं, झिजलेल्या खुर्चीत लोक काय बघणार?"

"झिजलेलंच बघायचंय त्यांना."

"कमालच आहे बाई," माई म्हणाली. पण लेकीच्या शब्दाला तिने आजवर नाही म्हटलं नव्हतं.

छकुलीने टेप लावून खोली मोजली. दालनाच्या टोकाला प्लायच्या भिंती उभ्या केल्या, घरचाच रंग दिला आणि अण्णांच्या टाचांनी खुर्चीपुढे भोक पाडलेलं जमिनीवरचं मेणकापडसुद्धा उचलून नेलं. तिच्या मार्गदर्शक बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणत. त्यांनी बजावलं होतं, "माणूस आत्ता उठून बाहेर गेलाय आणि येईलच, असं वाटायला हवं." म्हणून छकुलीने खोली आजारपणाच्या आधी जशी असे तशी मांडली. खिडकीशी खुर्ची, तिच्या उजव्या हाताला स्टूल, स्टुलावर चष्मा, रेडिओ आणि कपबशी. समोर पाहुण्यासाठी एक साधी खुर्ची. दारावर पाटी, एका वेळी एकानेच आत जावे.

मांडणी बघायला माई गेली आणि दारातच थबकली. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त कप रिकामा होता.

"असा कसा गं रिकामा कप ठेवतेस त्यांच्यापुढे?"

"मग काय ठेवू?"

"मी आणते."

घरी अण्णांना चहा वर्ज्य होता. पातळ काही दिलं की ठसका लागे. चमच्याचमच्याने दाट पेज भरवावी लागे. वर्षभरात माईने त्यांच्यासाठी आधण ठेवलं नव्हतं. त्या सकाळी तिने ठेवलं. आलं किसून घातलं, साखर त्यांना लागते तशी सढळ, थर्मास भरला आणि विद्यापीठात जाऊन कपात ओतला. कान त्यांच्या बोटांकडे येईल असा कप फिरवून ठेवला. देवापुढे वाटी ठेवताना मन जसं होई, तसंच तिचं मन झालं. मॅडम खूश. "वाफ! वाफेने खोली जिवंत झाली बघा."

पहिल्याच दिवशी ग्रंथालयातल्या बाई आत जाऊन बऱ्याच वेळाने हसत बाहेर आल्या. "काका किती गोड बोलतात हो! कुठल्या नाटकमंडळीतले?"

"कुठले काका?" छकुलीने विचारलं.

दाराशी बसलेल्या रखवालदाराने मान हलवली. "आत कोणी नाही बाई. मी इथून हललेलो नाही, आणि मागून दार नाही."

छकुली आत जाऊन आली. माई जाऊन आली. खुर्ची रिकामी होती, चहावर साय धरली होती.

पण नंतर एकेक जण तेच सांगू लागलं. वसतिगृहातला एक मुलगा म्हणाला, "आजोबांनी सांगितलं, डोंगरापलीकडची गाडी आज नेहमीच्या फलाटावर नाही, शेवटच्या फलाटावर लागेल. गेलो तर शेवटच्याच फलाटावर! नाहीतर माझी चुकलीच असती." बातमी पसरली. दाराशी रांग लागू लागली.

मॅडमनी छकुलीला बाजूला घेतलं. "स्पीकर कुठे लपवलायस?"

"नाही लपवला, मॅडम."

"हे बघ, सांगितलंस तर गुण कापणार नाही. युक्ती चांगली आहे."

"खरंच नाही."

मॅडम स्वतः आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला होता. "त्यांनी मला विचारलं, पिशवी सापडली का," त्या हळूच म्हणाल्या. "मी लहान असताना त्या स्थानकावर पिशवी विसरले होते. रडत होते. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही."

माई मात्र रोज आत बसे आणि तिला काही ऐकू येत नसे. पाहुण्याच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन ती वाट बघे. "अहो," ती म्हणे, "मी आलेय." कप, रेडिओ, चष्मा. बाहेरून रांगेतलं कोणीतरी म्हणे, "काकू, आमचाही नंबर येऊ द्या की." ती उठे. परक्यांना गाड्यांच्या वेळा सांगता, आणि मला एक शब्द नाही? रुसवा यायचा, पण दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन ती पुन्हा हजर. कारण संध्याकाळी दालन बंद होताना कप रिकामा मिळू लागला होता. तळाशी नुसता तपकिरी डाग. रखवालदार शपथ घेऊन सांगे, "मी प्यायलो नाही, काकू. आणि दुसऱ्या कोणाला पिताना पाहिलं नाही."

प्यायले म्हणजे बोलतीलही, असं माईला वाटे.

ती नसताना अण्णांजवळ त्यांची थोरली बहीण बसे. माईच्या वन्सं. जिभेला हाड नव्हतं, पण भावावर जीव होता. "शाब्बास!" एके दिवशी त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "जिवंत नवरा घरात पडलाय आणि ही बया चहा पाजायला निघाली खुर्चीला."

"वन्सं, तिथे ते बोलतात."

"कोणाशी? तुझ्याशी बोलला?"

माईने थर्मास दुसऱ्या हातात घेतला.

"तिथे बोलतो, इथे गिळत नाही. ये, बघ."

खरंच होतं. अण्णांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पेज तशीच बाहेर येत होती. डावा हात, जो दांडी ठोकून ठोकून घर डोक्यावर घ्यायचा, पांघरुणावर उताणा पडला होता. माई इकडून तिकडे गेली की मागे मागे येणारी नजर भिंतीवर एका जागी थांबली होती. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, तपासण्यांत काही नवीन नाही. पण माणूस आटत चालला होता, हे सांगायला तपासणी कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी माई घरीच राहिली. वन्संच्या टोमण्याने असेल किंवा अण्णांच्या त्या थांबलेल्या नजरेने असेल, थर्मास भरलाच गेला नाही. ती दिवसभर अण्णांच्या उशाशी बसून होती. दुपारी त्यांनी अर्धी वाटी पेज गिळली. उन्हं कलताना डाव्या हाताने दांडीवर एक टिचकी मारली. माईने ती ऐकली. काय चाललंय हे तिला लख्ख कळलं. तिथे मी भरवते आहे, म्हणून इथे हे उपाशी आहेत.

दिवेलागणीला छकुली आली ती पडेल चेहऱ्याने. "आज आत कोणाला काही दिसलं नाही, माई. लोक परत गेले. उद्या परीक्षक यायचेत. आणि मॅडम म्हणतात, विद्यापीठ ही खोली कायमची ठेवून घेणार आहे. तू आज चहा का आणला नाहीस?"

"पोरी, इकडे बस." माईने तिला अण्णांच्या वाटीचा उष्टा चमचा दाखवला, दांडीवरच्या टिचकीचं सांगितलं. मग म्हणाली, "मी आता तिथे चहा नेणार नाही. खोली मोडू या."

छकुली उठली. मग पलंगाकडे पाठ करून म्हणाली, "परवा मी ऐकलं. त्यांनी मला हाक मारली. छकुल्ये, केस विंचर, भुतासारखी दिसतेयस, म्हणाले." ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. "तिथे ते अगदी पहिल्यासारखे आहेत, माई. तुला नको का ऐकायला? मग आपले अण्णा खरे कुठले?"

"ज्याचं तोंड मला पुसावं लागतं, ते."

"उद्याचा एकच दिवस."

"एका दिवसात किती आटतील, तू सांगशील?"

छकुली डोळे पुसत आत निघून गेली. पण सकाळी माई निघाली तेव्हा तीही मागोमाग निघाली.

दालनाबाहेर मॅडम परीक्षकांशी बोलत उभ्या होत्या. रखवालदाराने माईच्या हातातली कापडी पिशवी पाहिली. "आज थर्मास नाही?"

"आज दुसरं आणलंय. खोली मोडत नाही, ते आता आहेत तशी लावते."

ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. खिडकीच्या जागी लावलेल्या दिव्याचा उजेड खुर्चीवर पडला होता. तिने पिशवीतून वाकड्या दांड्याचा चमचा काढला, पेजेची वाटी, गळ्याशी बांधायचा पंचा, पलंगावर घालायचं रबरी कापड. कपबशी, चष्मा आणि रेडिओ पिशवीत ठेवले. मग उजवीकडचं स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"अगं, स्टूल कुठे निघालं?"

मागून. अगदी खांद्याशी. कर्ण्यावरचा आवाज नव्हता तो, घरातला होता. सकाळचा, किंचित घोगरा, उशीतून उठलेला.

माईच्या मानेवर काटा आला. वर्षभर जे मागितलं, ते पदरात पडलं होतं. मान नुसती वळवायची होती. पण वळली तर ती पाहुण्याच्या खुर्चीत बसेल आणि मग घरी कोण पडलं आहे याची तिला आठवणसुद्धा राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि स्टूल ओढू लागली. मेणकापडावर त्याचे पाय करकरले.

"ऐकतेस ना? डावीकडे कशाला नेतेस? माझा उजवा हात आहे की अजून."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवर आलं. ते पुसायलाही तिने हात मोकळा केला नाही. स्टूल डाव्या बाजूला लागलं. तिने त्याच्यावर वाटी ठेवली, वाटीत चमचा ठेवला. खुर्चीच्या हातावर पंचा टाकला. पलंगावर रबरी कापड पसरून त्याच्या सुरकुत्या काढल्या, घरी रोज काढते तशा.

"अशी गप्प का? रागावलीस?" आवाज आता जरा लांबून येत होता, कोणीतरी फलाटावरून चालत दूर जावं तसा. "बरं बाई, राहिलं. पण मला इथे एकट्याला—"

पुढचं आलं नाही.

मग ती वळली. खुर्चीत कोणी नव्हतं. फक्त बैठकीच्या गादीला मोठा खळगा पडला होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता.

बाहेर येऊन तिने दार उघडं ठेवलं. छकुलीने आत डोकावून पंचा पाहिला, रबरी कापड पाहिलं, आणि खाली बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, "हे काय, मांडणी बदललीत? आज? अहो, परीक्षक उभे आहेत!"

"राहू द्या, मॅडम," छकुली म्हणाली. "माझ्या अण्णांची खोली आता अशीच असते. गुण काय द्यायचे ते द्या."

पहिला परीक्षक आत गेला. काही वेळाने बाहेर येऊन त्याने कोणाशी न बोलता चष्मा पुसला. "आत कोणी भेटलं?" रखवालदाराने न राहवून विचारलं. "नाही," तो म्हणाला. "कोणी नाही."

माई पुढचं ऐकायला थांबली नाही. रिक्षा करून ती घरी आली. वन्सं दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा तोरा कुठे गेला होता कोण जाणे.

"खाल्लं गं त्याने," त्या म्हणाल्या. "सगळी वाटी. माझ्याकडे बघितलंही. पण तू आत जा. मला भीती वाटते."

"कसली?"

"हात हलवतोय."

"मग चांगलंच की, वन्सं!"

"डावा नाही."

माई आत गेली. अण्णा टक्क जागे होते. त्यांची नजर ती दारातून येईपर्यंत दाराला आणि मग तिला चिकटली. वर्षभर लाकडासारखा पडलेला उजवा हात पलंगाच्या कडेशी, हवेत, स्टुलावरचा कप शोधावा तसा चाचपत होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता. माई त्या बाजूला जमिनीवर बसली. चाचपणारी बोटं तिच्या मनगटाला लागली आणि मिटली. हात गार होता, पण त्याला भलतीच पकड होती.

त्या खोलीतून घरी कोण आलं आहे हे तिला कळेना. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आणि मनगट सोडवून घेतलं नाही.