मगदूमांची वाम

मगदूमांच्या घरातली वाम मासळी तोंडाकडून बैठकीतल्या काचेच्या टाकीत होती आणि शेपटीकडून स्वयंपाकघरातल्या तुरीच्या डब्यात. सरोजिनीबाई आमटीसाठी डाळ घ्यायला गेल्या तेव्हा त्यांना शेपूट दिसली. करंगळीएवढी, पिवळसर, डाळीवर स्वस्थ पडलेली. त्यांनी तिच्या बाजूने वाटीभर डाळ काढून घेतली आणि झाकण लावलं.

"वाम डब्यापर्यंत आली," त्या बैठकीच्या दारातून म्हणाल्या.

"वाढली असेल," भूपालअण्णा म्हणाले. ते टाकीसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

सरोजिनीबाई आत गेल्या आणि डाळ धुवायला बसल्या. आश्चर्य वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. ती त्यांच्यात उरली नव्हती.

ही वाम अण्णांनी वाचवली होती. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जात. एक दिवस एका कोळ्याने जाळ्यातून वाम काढली, दगडावर आपटायला हात वर केला, आणि अण्णांनी तो हात धरला. दुधाच्या किटलीत घालून ते तिला घरी घेऊन आले. "एक जीव वाचला," असं त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. देवळात सांगितलं. लेकीला फोन करून सांगितलं. लेकीनेच लग्नाआधी हौसेने घेतलेली काचेची टाकी माळ्यावर पडून होती, ती खाली आली. तळाला चार बोटं नदीची वाळू पसरली. वाम वाळूत शिरली आणि नाकाचं टोक तेवढं बाहेर ठेवून पडून राहिली.

तिने कणकेची गोळी खाल्ली नाही. भिजवलेले हरभरे खाल्ले नाहीत, पालक नाही, भात नाही. आठव्या दिवशी ती बुटाच्या नाडीसारखी दिसायला लागली. मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, ही जित्ती गांडुळंच खाते. दुसरं काही नाही."

अण्णांनी कानांवर हात ठेवले. जैनाच्या घरात कांदासुद्धा येत नव्हता. "माझ्या हातून नाही व्हायचं," ते म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

मग ते सरोजिनीबाईंच्या हातून झालं. धुण्याच्या दगडामागे केळीखाली ओल असायची. तिथे त्या खुरप्याने उकरत, तीन गांडुळं वाटीत घेत, तोंडाने णमोकार म्हणत आणि एकेक टाकीत सोडत. वाम नाक वर काढी, ओढून घेई, पुन्हा वाळूत जाई. त्या दिवशी सरोजिनीबाईंना स्वतःला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी वामेला चार गांडुळं लागली.

चार महिन्यांत गांडुळं रोजची पन्नासावर गेली.

टाकीतल्या वाळूला तळ राहिला नव्हता. बाईंनी एकदा हात घातला तर तो खांद्यापर्यंत गेला, आणि खाली बोटांना वामेचं अंग लागलं, गार, पुढे सरकत असलेलं. ते पलंगाखालून गेलं होतं, गोधड्यांच्या ट्रंकेतून, न्हाणीच्या भिंतीतून. भिंती त्याच्यामुळे आत येत होत्या. स्वयंपाकघरात आता कुशीवर वळून शिरावं लागे. पोळी लाटताना डावं कोपर भिंतीला टेकायचं, म्हणून बाई लहान पोळ्या लाटायला लागल्या.

शेजारच्या शेवंताताई आल्या. "अक्का, तुमची वाम आमच्या न्हाणीत आलीय. तक्रार नाही हो. पण भुकेली दिसतेय, म्हणून सांगायला आले."

पलीकडचे शिंपी आले. वाम त्यांच्या मशीनच्या पायट्याखालून गेली होती. "त्रास काही नाही," ते म्हणाले. "फक्त पोट खपाटीला गेलंय बिचारीचं."

रोज कोणीतरी येई. सगळे दारात उभे राहून हळू आवाजात सांगत आणि बाईंच्या हातातल्या खुरप्याकडे बघत. गांडूळ मात्र कोणी आणलं नाही. केळीखालची माती संपली आणि केळ आडवी झाली. मग बाई शाळेच्या मैदानाच्या कडेने उकरू लागल्या, मग ओढ्याच्या काठाने. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. आता उकरण्यातच ऊन उतरायचं आणि त्या उपाशी निजायच्या.

एका सकाळी त्या उठल्या, तेव्हा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये त्यांचे पाय उतरेनात. तशाच त्या पायथ्याकडून खाली आल्या आणि बैठकीत गेल्या.

"मी हिला नदीत सोडून येते."

अण्णांनी पेपर खाली केला. "कोळी पकडतील तिला."

"पकडू देत."

"मग मी वाचवली कशाला?"

"ते मला कशाला विचारता? वाचवलीत तुम्ही. जगवतेय मी." बाईंचा आवाज चढला नाही. "मला आज उकरायला जाववत नाही हो."

अण्णांनी खुर्ची बाजूला घेतली.

बाईंनी पंचा ओला केला, कारण वामेच्या पाठीवर बारीक काटे असतात. वाळूत हात घालून तिचं डोकं पकडलं, पंच्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि घराबाहेर पडल्या. मागून अंग येत राहिलं. गल्ली संपली, बाजार लागला. भाजीवाल्याने ते आपल्या वांग्यांवरून उचलून बाजूला केलं. एका मोटरसायकलवाल्याने गाडी थांबवून पाय टेकले, जरा वाट बघितली आणि मग दुसऱ्या रस्त्याने गेला. कोणी काही विचारलं नाही. भर दुपारी बाई घाटावर पोचल्या, शेवटच्या पायरीवर बसल्या आणि डोकं पाण्यात सोडलं.

वाम गेली. तिचं अंग त्यांच्या शेजारून पाण्यात उतरत राहिलं. तासभर उतरत राहिलं, दोन तास उतरत राहिलं. धुणं धुणाऱ्या बायका आल्या आणि पिळे घेऊन, ते अंग ओलांडून निघून गेल्या. बाईंनी पाय पाण्यात सोडले होते. पुष्कळ दिवसांनी त्यांचे हात नुसते मांडीवर पडले होते.

उन्हं कलताना अण्णा आले. वामेच्या कडेकडेने चालत आले होते. हातात डबा होता.

"शेपूट निघाली का घरातून?" बाईंनी विचारलं.

"सगळं घर बघितलं. शेपूट सापडली नाही. अंग तेवढं येतंय अजून."

ते शेजारी बसले आणि त्यांनी डबा उघडला. पोळ्या होत्या, त्यांनी स्वतः केलेल्या. एका बाजूने करपलेल्या, दुसऱ्या बाजूने कच्च्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी. सूर्य अजून हातभर वर होता. दोघांनी खाल्लं. बाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीला हात घातला.

"दमलीस का गं?" अण्णांनी विचारलं.

चाळीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी तिसरीचा घास मोडला.

"हो," मग त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वाम थांबली. अंग पायऱ्यांवर ताणलं गेलं आणि जागच्या जागी राहिलं.

पलीकडच्या काठावर एक बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. तरणी होती. तिच्या पायाशी चिखलातून वामेचं डोकं वर आलं होतं. ती थांबली, वाकून बघितलं, मग नदीच्या या बाजूला बघितलं.

"ओ मावशी," तिची हाक पाण्यावरून आली. "तुमची हाय का वो ही?"

अण्णा उत्तर द्यायला उठू लागले. सरोजिनीबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना खाली बसवलं.

"लई भुकेजलीया बघा!" पलीकडची बाई ओरडली.

सरोजिनीबाईंनी तोंड उघडलं. घासाचा तुकडा अजून तोंडातच होता. पलीकडच्या बाईने जराशी वाट बघितली. मग तिने भारा डोक्यावरून उतरवला, पदर कमरेला खोचला, भाऱ्यातला विळा हातात घेतला, आणि ओल्या मातीत उकरायला बसली.